टॉवेलच्या काठावरची ओळ

शरणबसवने टॉवेल ओळखला तो आधी रंगावरून. लाल काठ, त्यावर पांढरी अक्षरं. सात रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने त्याच्या स्कूटरचं मागचं चाक उघडून ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली होती, आणि बुडबुडा कुठनं येतो ते बघता बघता, मान न वळवता, मागच्या खिळ्यावरचं फडकं ओढून हात कोपरापर्यंत पुसले होते. पुसून झाल्यावर त्याने ते खांद्यावर टाकलं आणि काठ नेमका शरणबसवच्या डोळ्यांसमोर आला. 'हाळी फुकट होती, फुकट आहे' एवढा भाग ग्रीसने काळाठिक्कर झाला होता. 'फुकट राहील' तेवढं अजून स्वच्छ होतं. भर सकाळची वेळ, ऊन आत्ताच चावायला लागलेलं, रिक्षावाले एकमेकांच्या नावाने कोकलतायत, आणि आपण चोरी करताना सापडलो आहोत असं त्याला वाटलं. हे कुठून आणलं, म्हणून त्याने विचारलं. न विचारता गप्प बसला असता तर काही बिघडलं नसतं, पण दुखऱ्या दाताला जीभ लावल्याशिवाय राहवतं का माणसाला? "काय, फडकं?" पंक्चरवाला म्हणाला. "वरच्या हापिसातल्या पोरांनी टाकून दिलतं की सायेब. चांगला गठ्ठाच हुता. लई भारी कापड हाय. काळं करतो, धुतो, परत काळं करतो, काय होत न्हाय त्याला. पायजे का तुमाला? आत कोरं बी हाय एक." शरणबसव नको म्हणाला. त्याचीच ओळ त्याला कुणीतरी फुकटात देऊ करत होतं, आणि तो नको म्हणत होता. पंक्चरवाल्याला काय, तो आपला ट्यूब घासायला लागला.

हाळी म्हणजे शरणबसवची कंपनी. त्याची म्हणजे तो जिथे नोकरी करतो ती, पण इतकी वर्षं तो 'आमची हाळी' असंच म्हणत आला होता आणि कुणी त्याला हटकलं नव्हतं. काम साधं. कुणी मोबाइलचं अ‍ॅप बनवलं की त्यात हाळीच्या चार ओळी टाकायच्या, म्हणजे त्या अ‍ॅपच्या लोकांच्या फोनवर निरोप वाजायला लागायचे. औषधाची वेळ झाली, शाळेची गाडी निघाली, दुधाचं संकलन बंद आहे, असलं काहीही. अ‍ॅप बनवणाऱ्या पोरापोरींनी हाळी डोक्यावर घेतली, कारण ती चांगली होती आणि फुकट होती. मोठ्या कंपन्यांकडून पैसे घ्यायचे, लहानांना फुकट द्यायची, असा सरळ हिशोब. या अ‍ॅपवाल्यांच्या गप्पांसाठी, अडीअडचणींसाठी कंपनीने इंटरनेटवर एक जागा केली होती, तिला नाव 'चावडी', आणि चावडीवर बसणारा माणूस शरणबसव. जुळे सोलापुरातल्या घरातल्या लहान खोलीत बसून तो गुवाहाटीपासून कोचीपर्यंतच्या लोकांना उत्तरं द्यायचा. कुणाचा कोड अडला, कुणाची नोकरी गेली, कुणाला मूल झालं, सगळं चावडीवर यायचं. सगळे त्याला शरणअण्णा म्हणायचे. बंगाली पोरंसुद्धा अण्णा म्हणायची. आणि मग मागच्या महिन्यात पुण्याहून फतवा निघाला, की येत्या एक तारखेपासून प्रत्येक निरोपाला पैसे. नव्यांना आणि जुन्यांनाही. तो फतवा शरणबसवने चावडीवर इतरांबरोबरच वाचला. त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. हे तो कुणाला सांगूही शकत नव्हता, कारण सांगितलं असतं तर त्यात शोभा त्याचीच झाली असती.

सुरुवातीला चावडीवर नुसता भडका उडाला. शिव्या, चित्रं, टिंगल. मग कुणीतरी शरणबसवने अ‍ॅपवाल्यांना वाटलेल्या टॉवेलचा फोटो टाकला आणि रांगच लागली. एकाने गळक्या बेसिनखाली अंथरलेला, एकीने कुत्र्याला पुसतानाचा, एकाने तर बैलाच्या पाठीवर टाकलेला. खाली प्रत्येकाने लिहिलेलं, 'फुकट राहील'. शरणबसव ते फोटो बघत बसायचा, एकेक मोठा करून. मनातल्या मनात त्याला कापडाचा अभिमानही वाटायचा, हे त्याने स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नसतं. रंग कुठेच गेला नव्हता. अल्लाउद्दीनचाचांच्या कारखान्यातला माल तो. तो ऑर्डर द्यायला गेला तेव्हा चाचांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला होता आणि म्हणाले होते, "ये इत्ता लंबा कायकू बुनता रे? छाप ले ना. सस्ता पड़ता. सालभर में उड़ जाता, किसे याद बी नै रैता." त्यावर हा शहाणा छाती काढून म्हणाला होता, "नाही चाचा, उडायला नको म्हणूनच तर विणायचं." चाचांनी खांदे उडवले आणि कागद काठात अक्षरं विणणाऱ्या जकार्डवाल्याकडे दिला. मागांच्या खडखडाटात त्या दिवशी तो किती वेळ उभा होता. काठ इंचाइंचाने पुढे सरकत होता, आधी 'हाळी', मग 'फुकट', आणि त्याच्या अंगावर काटा आला होता. आता आठवलं की तेच अंग खाजवावंसं वाटायचं.

चाक बसवून झालं तरी तो तिथल्याच कट्ट्यावर बसून राहिला, कारण जायचं कुठे हे त्याला ठाऊक नव्हतं. घरातून बँकेत जातो म्हणून निघाला होता. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये पुण्याहून आलेला मजकूर, आणि तो मजकूर दुपारी चारपर्यंत चावडीवर टाकायचा होता. निघताना दानेश्वरीने शाळेच्या पर्सची चेन लावता लावता एवढंच म्हटलं होतं, "अहो, भावनेच्या भरात काही करून बसू नका." बायको चूक बोलली असती तर बरं झालं असतं. या वयात, या गावात, त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? खिशात फोन थरथरला. बिरुदेव. हाळी चालवणारा, पुण्याच्या मोठ्या काचेच्या ऑफिसात बसणारा, इंग्रजीत 'सस्टेनेबल' म्हणणारा, पाहुण्यांसमोर 'बीडी' झालेला बिरुदेव. पण शरणबसवला फोन करताना त्याची जीभ अजून माढ्याजवळच्या त्याच्या गावात जायची. पूर्वी ती प्रेमाने जायची. अलीकडे काहीतरी घाण काम करून घ्यायचं असलं की जायची, आणि हा फरक शरणबसवला पहिल्या शब्दावरूनच कळायला लागला होता.

"काय करूलालास बे शरण्या?"

"पंक्चर काढतोय."

"बरं. त्ये मजकुराचं बघितलास का? चार वाजंस्तोवर टाक तेवढं. तुज्या नावानं. माजं कोन ऐकतंय आता, मला नुसतं शिव्याच घालूलाल्यात सगळे. तुजं ऐकत्यात."

"बिरू, त्यात लिहिलंय की टॉवेलवरचा मजकूर एका सहकाऱ्याच्या व्यक्तिगत उत्साहातून विणला गेला, ते कंपनीचं वचन नव्हतं. तो सहकारी कोण?"

"तूच की."

"आणि खाली सही कुणाची?"

"तुजीच. पन वर नाव कुटं घातलंय? तुला जपूनच लिवलंय बाबा."

"म्हणजे मीच माझ्याबद्दल 'एक सहकारी' म्हणून सांगायचं, की तो जरा उत्साही होता, त्याचं मनावर घेऊ नका?"

"हे बग, लई इचार करू नगंस. ज्यांनी पैसं घातल्यात त्यांचा वकील म्हनतोय, टॉवेल नडंल. कोरटात दाखवतील. तू मला सांग, तुला विणाय कुनी सांगितलं हुतं? आँ? सारी दुनिया टी-शर्ट वाटती. टी-शर्ट धा धुण्यात जातो. तू सोलापूरचा शहाणा, टॉवेल वाटलास!"

यावर शरणबसवला हसू आलं. खरंच हसू आलं, मोठ्याने, पंक्चरवाल्याने वर बघितलं. कारण बिरुदेव अगदी बरोबर बोलत होता. ही चूक पुण्याच्या माणसाने केली नसती, बंगळूरच्या तर नाहीच नाही. पाहुणा आला, मान द्यायचा, तर सोलापुरात टॉवेल देतात. लग्नात, बारशाला, सत्काराला, बदली होऊन निघालेल्या साहेबाला. टॉवेल दिला म्हणजे नातं झालं. आणि टॉवेल काही वर्षांत विरून जायची सोय कुणी ठेवलेली नसते. "आणि तू मंचावर बोललास ते?" त्याने हसू ओसरल्यावर विचारलं. "मी काय बी बोललो आसंन," बिरुदेव म्हणाला. "बोलल्यालं वाऱ्यावर जातंय. तू ते धरून ठिवलास, हीच तर गोची झाली." आणि मग हळू, जुन्या आवाजात, होस्टेलात ताप आलेल्या शरणबसवला उठवायचा त्या आवाजात, "टाक की भावा. तुजी नोकरी मी राखतो." म्हणजे नोकरीचाही प्रश्न होता तर. तेवढं सांगायचं राहिलं होतं, तेही सांगून झालं.

होस्टेलातली खोली त्याला आठवली ती वासाने. बिरुदेवच्या घोंगड्याचा वास. पावसाळ्यात खोलीभर मेंढ्या बसल्यात असं वाटायचं, आणि शरणबसव नाक दाबून शिव्या घालायचा. त्या घोंगड्यावर बसून दोघांनी हाळीचा पहिला कोड लिहिला. नाव बिरुदेवने दिलं. त्याचा बाप उसाच्या फडाच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या माणसाला हाळी द्यायचा, म्हणे, आणि ती मधल्या चार रानांत ऐकू जायची. "अन् हाळी मारायला पैसे पडतात व्हय?" असं बिरुदेव तेव्हा म्हणाला होता. खरा बोलत होता तो. तेव्हा खरा बोलत होता, यावर शरणबसवचा अजून विश्वास होता, आणि हेच जास्त लागायचं. सुरुवातीपासून लबाड असता तर त्याला लाथ घालून मोकळं होता आलं असतं. हेच वाक्य तो पुढे मेळाव्यात बोलला, इथे सोलापुरात, अ‍ॅपवाल्यांनी गच्च भरलेल्या हॉलमध्ये. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली होती, डोक्यावर ओढणी, हातात माइक. झीनत. शांतपणे म्हणाली, "आज फुकट आहे ते दिसतंय. उद्याचं लिहून द्याल का?" हॉल हसला. बिरुदेव मंचावरून ओरडला, "ताई, हाळी मारायला पैसे पडतात व्हय?" टाळ्याच टाळ्या. पण झीनत बसली नाही, माइक धरून उभीच राहिली, आणि तिचं ते उभं राहणं शरणबसवला सोसवेना. मंचाच्या कडेला होता तो. पुढे झाला आणि म्हणाला, "लिहून कशाला ताई, सोलापुरात आहोत, विणून देतो." तेव्हा कुठे ती बसली.

स्कूटर विजापूर वेशीकडे कधी वळली ते त्याला कळलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. त्याला चांगलं कळत होतं. झीनतचं घर तिथे एका बोळात, खाली सासऱ्यांचं बांगड्यांचं दुकान आणि वर ती. पुण्यातली मोठी नोकरी सोडून आलेली. तिने केलेलं अ‍ॅप म्हणजे पाण्याचं. सोलापुरात नळाला पाणी कधी चार दिवसांनी येतं, कधी पाच, आणि कुठल्या वेळेला येईल ते देवालाच ठाऊक. बायका त्या दिवशी घर सोडत नाहीत, लग्नाला जात नाहीत, दवाखाना पुढे ढकलतात. झीनतने प्रत्येक गल्लीत, जिथे नळ सगळ्यात आधी वाजतो त्या घरातली एक बाई धरली. पाणी आलं की तिने फोनवरचं बटण दाबायचं, की हाळीच्या जोरावर गल्लीतल्या सगळ्यांचे फोन वाजायचे. जुळे सोलापुरात त्यांच्या गल्लीतलं बटण शरणबसवच्या आईकडे होतं. सावित्रम्मा त्या बटणाला शिवपिंडीसारखं जपायची. पाणी आलं की पदराला बोट पुसून मगच दाबायची, आणि समोरच्या घरातून फोन वाजल्याचा आवाज आला की गालातल्या गालात हसायची. नवरा गेल्यापासून तिला कुणी काही विचारत नव्हतं, आता सगळी गल्ली तिच्या बोटावर चालत होती.

झीनतच्या सासूबाईंनी, सायराबानूंनी, दार उघडलं. "आओ बेटा, बैठो," म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. झीनत कॉम्प्युटरसमोरून उठली नाही, नुसती खुर्ची वळवली. तिच्या पाठीमागे खुंटीवर टॉवेल होता. वापरातला, पण स्वच्छ. शरणबसवने बोलायला सुरुवात केली ती फार लांबून केली, गुंतवणूकदार, खर्च, वकील, पुण्याचं वातावरण, आणि शेवटी चारच्या मजकुरापाशी आला. ती ऐकून घेत होती. नंतर म्हणाली, "अण्णा, कंपनी काय करणार ते मी वाचलंय. तुम्ही काय करणार?"

"अजून ठरवलं नाही."

"ठरवलं नसतं तर तुम्ही आला नसता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माफी आधीच घेऊन ठेवायला आलात."

ती पुढे बोलली ते त्याला पुष्कळ दिवस ऐकू येणार होतं. "मी गल्ल्यागल्ल्यांतनं हिंडले, अण्णा. तुमच्या गल्लीतसुद्धा. सासूबाई बरोबर असायच्या. बायका म्हणायच्या, आत्ता गोड बोलशील आणि सवय लागली की पैसे मागशील. सगळ्यांना तसाच अनुभव आहे ना. मग मी पिशवीतनं हा टॉवेल काढायचे. म्हणायचे, वाचा. आपल्या सोलापूरच्या माणसानं विणून दिलंय. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी काठावर हात फिरवून बघितला. बस, मग कुणी काही विचारलं नाही. आता मी त्यांना काय दाखवू?" त्याने विचारलं, दुसरी एखादी सोय, दुसरी एखादी कंपनी, काही दिवस तिच्यापुरते पैसे तो स्वतः... तिने हात वर करून त्याला थांबवलं. तेवढ्यात सायराबानू चहा घेऊन आल्या. उठून जावं असं त्याला वाटत होतं, पण "चाय तो पी के जा" म्हटल्यावर न पिता जाणंही जमेना, म्हणून त्याने तो उकळता चहा घाईघाईने ढोसला आणि जीभ भाजून घेतली. जिन्यावरून उतरताना जिभेचा शेंडा बधिर झाला होता. मागून झीनत एवढंच म्हणाली, "तुम्ही खरं लिहा ना. 'बिरुदेव बोलला, मी विणलं, आता त्याने शब्द मोडला.' एवढंच लिहा. पैसे लागू झाले तरी चालतील मग. निदान मला सांगता येईल की टॉवेल खोटा नव्हता."

एवढंच. तीन वाक्यं. घरी येऊन, खोलीचं दार लावून, त्याने ती तीन वाक्यं खरंच लिहिली. वाचली. चांगली वाटली. ती वाचताना आपण कुणीतरी आहोत असं त्याला वाटलं, होस्टेलात वाटायचं तसं. बाहेर आई दानेश्वरीच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवत होती, भांड्याचा आवाज आला. तो त्या आवाजाकडे बघत राहिल्यासारखा दाराकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात एकेक यायला लागलं, आणि प्रत्येक गोष्ट शहाणपणाची होती. तीन वाक्यांनी पैसे लागू व्हायचे थांबणार आहेत का? नाही. अ‍ॅप वाचणार आहे का? नाही. मग नोकरी गेल्यावर चावडीवर पुण्याचा कुठला तरी पोरगा येऊन बसेल, त्याला या लोकांची नावंसुद्धा माहीत नसतील. आपण आत राहिलो तर थोडं तरी सांभाळून घेता येईल. हे 'सांभाळून घेता येईल' त्याला इतकं पटलं, की त्याची त्यालाच शिसारी आली. तरी पटलंच. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याला मर्यादा नाही. त्याने तीन वाक्यं पुसली, पुण्याचा मजकूर चिकटवला, 'एका सहकाऱ्याच्या व्यक्तिगत उत्साहातून' या शब्दांवर डोळे न थांबवता खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. बोट पदराला पुसायला त्याच्याकडे पदर नव्हता.

शिव्यांची तयारी ठेवून तो बसला. शिव्या आल्या असत्या तर त्याने एकेकाला उत्तर दिलं असतं, विनवण्या केल्या असत्या, रडला असता. पण शिव्या आल्याच नाहीत. मग गुवाहाटीच्या एकाने लिहिलं, 'ठीक आहे.' अण्णा लिहिलं नव्हतं. त्यानंतर माणसं निघून जायला लागली. चावडीवरून कुणी गेलं की एक फिकट ओळ उमटते, अमुकने जागा सोडली. तशा ओळी, एकाखाली एक. नावं ओळखीची, कुणाच्या पोराचं बारसं, कुणाच्या बापाचं ऑपरेशन, सगळं त्याला माहीत असलेली माणसं उठून जात होती, आणि जाताना कुणी दार आपटत नव्हतं. बिरुदेवचा निरोप आला, नुसतं 'भावा', पुढे हात जोडलेले. शरणबसवने लॅपटॉप मिटला आणि उन्हं कलती होईपर्यंत होटगी रोडने स्कूटर फिरवत राहिला. जीभ चरचरत होती.

परत आला तेव्हा सावित्रम्मा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली होती, आणि तिच्या मांडीवर टॉवेल होता. धुतलेला, इस्त्री केलेला, काठ वर येईल अशी घडी घातलेला. "यप्पा, ती झीनत येऊन गेली की," ती कौतुकाने म्हणाली. "बग, किती चांगला टॉवेल देऊन गेली. म्हटलं आत ये, तर आली न्हाय. दारातनंच दिला. आता आहेर करून गेली तर तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? मी नारळ आणला आतनं. घेतला न्हाय तिनं. 'नको आजी, हे तुमच्याकडलंच हाय, परत द्यायला आलते' म्हनली. असं काय म्हनली रं ती?" आहेर परत करणं म्हणजे काय हे न कळण्याइतकी आई साधी नव्हती. सोलापुरात हे पोरासोरांनाही कळतं. पण तिला ते कळून घ्यायचं नव्हतं, म्हणून ती टॉवेलच्या काठावरून हात फिरवत राहिली. "अन् माज्या फोनमधलं ते बटण बी काडलं तिनं. स्वतःच्या हातानं काडलं. 'आजी, आता हे वाजनार न्हाय, तुम्ही नळाकडं कान ठेवून बसा' म्हनली. डोळ्यात पानी हुतं तिच्या. तू कायतर केलास का रे?"

"कंपनीनं केलं," तो म्हणाला.

"व्हय? अन् कंपनीत कोन हाय?" सावित्रम्माने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नारळ परत देवघरात ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी दानेश्वरी शाळेत गेली आणि जरा वेळाने अंगणातला नळ खाकरला. आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ. सावित्रम्मा धडपडत बाहेर आली, सवयीने फोन हातात घेतला, पदराला बोट पुसलं, आणि पडद्यावर बटणाची जागा शोधत उभी राहिली. ती जागा रिकामी होती. मग तिने शरणबसवकडे बघितलं. "जा की," ती म्हणाली. "सांग सगळ्यांना. लोकं पाच दिवसांपासनं पान्याची वाट बघूलाल्यात." गल्ली चिडीचूप होती. दारं लागलेली, बायका आपापल्या कामात, फोन वाजेल म्हणून निर्धास्त. झीनतने अ‍ॅपवर ते बंद केल्याची सूचना टाकली होती म्हणे, पण सूचना कोण वाचतं. शरणबसव फाटकापाशी गेला. घसा मोकळा केला. इतकी वर्षं हाळीत नोकरी करून त्याने जन्मात कधी हाळी दिली नव्हती. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, भाजलेली जीभ टाळ्याला चिकटली. मग तो ओरडला. "पाणी आलंय! ओ, पाणी आलंय!" आवाज विचित्र निघाला, कुणीतरी विकायला आल्यासारखा. समोरच्या बजाबाईंची खिडकी उघडली. हातात फोन होता त्यांच्या.

"कुटलं पाणी?"

"नळाला पाणी आलंय, बजाबाई. भरून घ्या लवकर."

बजाबाईंनी फोनकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "फोन न्हाय वाजला की."

"तो आता वाजणार नाही. बंद झालंय ते."

"कुनी बंद केलं?"

शरणबसवने फाटकाची कडी काढली आणि परत लावली. बजाबाईंच्या कपाळावर आठी आली. "उगं कायबाय सांगू नका," त्या म्हणाल्या. "बंद कसं हुईल? त्या पोरीनं शबुद दिलाय आमाला. विणल्याला टॉवेल दाखवून दिलाय. मी माज्या हातानं चाचपून बघितलाय की." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. तो आणखी एकदा ओरडला, मग आणखी एकदा. पलीकडे कुणीतरी दार किलकिलं करून बघितलं आणि परत लोटलं. मागे सावित्रम्मा हाक मारत होती, बादली भरून वाहायला लागली होती.